डासांच्या लढाईत पगार कोणाचे थांबले?

ऑगस्ट 2025 मध्ये बुर्किना फासोच्या लष्करी सरकारने ‘टार्गेट मलेरिया’ हा जनुकीय बदल केलेल्या डासांवरचा संशोधन प्रकल्प बंद करायला लावला आणि वाद ठरल्याप्रमाणे दोन तटांत विभागला गेला. एका तटाचं म्हणणं, अडाणी सत्ताधाऱ्यांनी अफवांना बळी पडून लाखो मुलांचे जीव वाचवू शकणारं विज्ञान गाडलं. दुसऱ्याचं म्हणणं, परक्यांच्या पैशावर आफ्रिकेची प्रयोगशाळा करू पाहणाऱ्यांना बरी अद्दल घडली. आवाज दोघांचेही चढलेले. पण एका गोष्टीवर दोघांचं मुकाट एकमत आहे: हिवतापाचा प्रश्न म्हणजे मुळात कोणतं हत्यार वापरायचं हा प्रश्न. हत्यार मिळालं की रोग गेला, किंवा हत्यार घातक असेल तर ते नाकारलं की आपण सुटलो.

मला हे गृहीतकच खोटं वाटतं. गेल्या सव्वाशे वर्षांत डासांनी पसरणाऱ्या रोगांविरुद्ध माणसाने जिंकलेल्या लढाया थोड्या नाहीत, आणि जिंकून पुन्हा हरलेल्याही थोड्या नाहीत. त्या हरण्याची कारणं शोधायला गेलं की हत्यार बोथट झाल्याचं कारण सापडतंच. पण बहुतेक ठिकाणी त्याच्या शेजारी, कधी त्याच्याही आधी, आणखी एक कारण असतं. रुग्णांचे आकडे खाली आले, म्हणून अळ्या मोजणारी, घरोघर फिरणारी, रक्ताचे नमुने घेणारी माणसं कमी केली गेली. वाद घालायचाच तर त्या माणसांच्या पगारावर घालावा. डासाच्या जनुकांवरचा वाद त्यानंतरचा.

हातात नवं हत्यार नसताना जिंकलेली लढाई आधी पाहू. 1930 मध्ये ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, नाताल शहरात, अ‍ॅनोफिलिस गॅम्बिई हा आफ्रिकेतला डास सापडला. जहाजांतून समुद्र ओलांडून आला असावा. सुरुवातीला त्याच्याकडे कानाडोळा झाला. 1938 पर्यंत तो आतल्या नदीखोऱ्यांत पोहोचला होता आणि हिवतापाची अशी लाट उसळली की हजारो माणसं दगावली. डीडीटीने कीटक मरतात हे पॉल म्युलरला कळायला अजून एक वर्ष होतं. मग रॉकफेलर फाउंडेशनच्या फ्रेड सोपरकडे होतं काय? अळ्यांवर टाकायला पॅरिस ग्रीन ही तांबं आणि आर्सेनिकची विषारी भुकटी, घरांत फवारायला पायरेथ्रम, आणि माणसांची एक मोठी फौज. प्रत्येकाला नेमून दिलेला टापू, टापूचा नकाशा, आठवड्याचं वेळापत्रक; त्याच्यावर तपासनीस, आणि त्या तपासनिसावर आणखी एक तपासनीस. 1940 संपायच्या आत ब्राझीलमधून हा डास नाहीसा झाला. पुढे इजिप्तमध्येही तो असाच घुसला होता. तिथूनही त्याला 1945 पर्यंत हुसकावलं गेलं.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. सोपरला हे जमलं कारण ब्राझीलमध्ये तेव्हा गेतुलिओ व्हार्गासची हुकूमशाही होती. त्याआधी 1901 मध्ये विल्यम गोर्गास या लष्करी डॉक्टरने क्यूबातल्या हवानातून पीतज्वर घालवला तो अमेरिकी लष्कराच्या अमलाखाली. त्याची माणसं घरात शिरून पाण्याची पिंपं तपासत, साचलेल्या पाण्यावर रॉकेल ओतत, आणि घरमालकाला नाही म्हणायची सोय नव्हती. पनामाच्या कालव्यावर तर डासांची जाळी लावलेली चांगली घरं प्रामुख्याने गोऱ्या नोकरदारांना मिळाली. बार्बाडोससारख्या बेटांवरून आणलेले काळे मजूर त्यांच्याहून कितीतरी अधिक प्रमाणात मेले. तेव्हा शिस्त, तपासणी, पहारा हे शब्द मी निरागसपणे वापरू शकत नाही. पण हुकूमशाहीशिवाय पहारा चालतच नाही, असं म्हणणं वेगळं. सोपरच्याच काळात अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यात धरणांच्या जलाशयांची पातळी डासांच्या हंगामात दर आठवड्याला फूटभर खालीवर केली जायची, म्हणजे काठच्या अळ्या कोरड्या पडून मराव्यात. कुणाच्या घरात शिरायची गरज पडली नाही. धरणावर पातळी बघणारा माणूस मात्र रोज लागायचा.

आता त्याच सोपरच्या दुसऱ्या मोहिमेचं काय झालं ते पाहा. 1947 पासून अमेरिका खंडातल्या देशांनी मिळून एडिस इजिप्ती हा पीतज्वराचा आणि डेंग्यूचा डास संपवायचं ठरवलं. ब्राझील 1958 मध्ये डासमुक्त जाहीर झाला, 1962 पर्यंत अठरा देशांनी ते साधलं. मग गाडी अडली कुठे? अमेरिकेने, म्हणजे शेजाऱ्यांना आरोग्याचे धडे देणाऱ्या देशाने, स्वतःच्या दक्षिणेतल्या राज्यांत ही मोहीम 1964 मध्ये उशिरा सुरू केली आणि 1969 मध्ये अर्धवट सोडून दिली. बाकीच्यांनीही डास दिसेनासा झाल्यावर पथकं मोडली. डास परतला आणि 1980 च्या दशकात त्याच्या मागोमाग ब्राझीलमध्ये डेंग्यू आला. रिओत पुन्हा डास मारणारी माणसं भरती करावी लागली, तीही अशा शहरात जिथे 1903 नंतरच्या काही वर्षांत ओस्वाल्दो क्रूझने नेमक्या अशाच पथकांनी पीतज्वर आटोक्यात आणला होता.

डीडीटीच्या वादात तर हा मुद्दा डोळ्यांत भरण्याएवढा मोठा आहे, आणि तिथेच तो कुणी पाहत नाही. एक लाडकी कथा अशी: रेचल कार्सन या अमेरिकी लेखिकेने 1962 मध्ये डीडीटीविरुद्ध पुस्तक लिहिलं, जग घाबरलं, फवारणी बंद झाली, लाखो मुलं मेली. पुरावा म्हणून श्रीलंकेचं नाव घेतलं जातं. तिथे 1963 मध्ये हिवतापाचे फक्त 17 रुग्ण होते. 1968 आणि 1969 या दोन वर्षांत ते पाच लाखांच्या पुढे गेले. आकडे खरे आहेत, कथा खोटी. श्रीलंकेने 1964 मध्ये फवारणी थांबवली ती पक्ष्यांच्या काळजीपोटी नव्हे. रोग संपला असं वाटलं आणि पैसा वाचणार होता, म्हणून. अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली ती त्यानंतर आठ वर्षांनी, 1972 मध्ये. 2001 च्या स्टॉकहोम करारानेसुद्धा रोगवाहक कीटकांविरुद्ध डीडीटी वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे. फवारणीबरोबर तापाच्या रुग्णांचा शोधही ढिला पडला होता, आणि रत्नांच्या खाणींकडे जंगलात जाणाऱ्या-येणाऱ्या मजुरांवर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. पुन्हा फवारायला घेतलं तेव्हा डास डीडीटीला सरावले होते आणि अखेर मॅलॅथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाकडे वळावं लागलं. सरावले कशाने? शेतीत केलेल्या बेसुमार वापराचा त्यात मोठा हात, असं सांगणारी कार्सनच होती. तिला खुनी ठरवणाऱ्यांनी निदान तेवढं वाचायला हवं होतं.

भारताचं चित्र याहून मोठं आणि अधिक बोलकं. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू, असा अंदाज होता. 1953 मध्ये नियंत्रण कार्यक्रम, 1958 मध्ये निर्मूलन कार्यक्रम. आणि 1965 मध्ये रुग्ण लाखाच्या आसपास, मृत्यूची नोंद शून्य. जगात अशी घसरण क्वचितच कुठे झाली असेल. ही करामत डीडीटीची असं आपण म्हणतो, पण तिचा निम्मा भाग दर पंधरा दिवसांनी दारात उभ्या राहणाऱ्या माणसाचा होता. गेल्या पंधरवड्यात कुणाला ताप आला होता का, आत्ता कुणाला आहे का, घरात पाहुणा आहे का, एवढेच त्याचे प्रश्न. उत्तर हो असेल तर बोटाला सुई, काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब एकत्र फिरवून नाण्याएवढा जाड लेप, शेजारी एका थेंबाचा पातळ लेप, पट्टीवर क्रमांक, हातावर क्लोरोक्विनच्या गोळ्या, आणि निघताना भिंतीवर भेटीची तारीख. पुढे प्रयोगशाळेत कुणीतरी त्या जाड लेपाची शंभर क्षेत्रं सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून पाहणार, आणि तोवर ‘जंतू नाहीत’ असं लिहायचं नाही. कार्यक्रम चांगला चालला की या काचपट्ट्यांत काहीच सापडत नाही. हजारो पट्ट्या तपासाव्यात आणि हाती शून्य यावं, हेच यश. पण अंदाजपत्रक करायला बसलेल्या माणसाला त्या शून्यात काय दिसणार? रिकाम्या पट्ट्यांवर चाललेला खर्च.

पुढचं घडलं ते अपेक्षितच. जिथे रोग ओसरला ते विभाग सर्वसाधारण आरोग्यसेवेकडे सोपवले गेले आणि ती सेवा बहुतेक ठिकाणी उभीच नव्हती. डीडीटीचा पुरवठा रखडला, डास सरावले, कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं आली. 1976 मध्ये रुग्ण 64 लाखांवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 1955 मध्ये थाटामाटात सुरू केलेला जागतिक निर्मूलन कार्यक्रम तोवर गुंडाळला गेला होता. सहाराच्या दक्षिणेतली आफ्रिका, जिथे रोग सर्वांत जास्त, ती बहुतांशी त्या कार्यक्रमात नव्हतीच, हे जाता जाता. हिवतापाआधी हिवतापतज्ज्ञांचं निर्मूलन झालं, अशी बोचरी थट्टा मग होऊ लागली. डीडीटी हाताशी आहे तर डासांचा अभ्यास कशाला, म्हणून एक अख्खी पिढी तयारच झाली नव्हती.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा दक्षिण आफ्रिकेतून येतो. 1996 मध्ये तिथे डीडीटी सोडून पायरेथ्रॉइड फवारायला घेतलं. पथकं तीच, घरं तीच, शिस्त तीच. बदललं फक्त रसायन. चार वर्षांत रुग्ण साठ हजारांच्या पुढे गेले. 2000 मध्ये डीडीटी परत आणलं आणि आकडे कोसळले. हत्याराने काही फरक पडत नाही असं म्हणणाऱ्याचं तोंड याहून स्वच्छ कसं बंद होईल? मी तसं म्हणत नाही. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत टळलेल्या सुमारे 66 कोटी हिवताप-रुग्णांपैकी दोन तृतीयांशांचं श्रेय कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांना जातं, असा एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. चीनमध्ये तू योयो यांच्या चमूने 1970 च्या दशकात आर्टेमिसिनिन हे हिवतापाचं औषध वेगळं केलं नसतं, तर क्लोरोक्विन निकामी झाल्यावर आपण काय दिलं असतं? 1937 ची पीतज्वराची लस आणि 2021 व 2023 मध्ये शिफारस झालेल्या हिवतापाच्या दोन लसी याच यादीत.

पण दक्षिण आफ्रिकेत चूक कळली कशी? फवारलेल्या घरांत जिवंत डास कुणीतरी पकडले, ते अ‍ॅनोफिलिस फ्युनेस्टस आहेत हे ओळखलं, त्यांना पायरेथ्रॉइड लावून पाहिलं आणि ते मरत नाहीत हे नोंदवलं. जुन्या डीडीटी फवारणीने हा डास तिथून गेला होता. त्याला पुन्हा ओळखणारी माणसं नोकरीत होती म्हणून उपाय चार वर्षांत बदलता आला. श्रीलंकेत आणि भारतात ती विखुरली होती, म्हणून गाडं रुळावर यायला कितीतरी अधिक वर्षं लागली. मच्छरदाणीचंही तेच. वापरात ती साधारण तीन वर्षं टिकते. मग नवी कोण देणार, औषध डासावर चालतं की नाही हे कोण पाहणार?

दुसरा आक्षेप डावीकडून येतो: डास हे निमित्त, खरा रोग गरिबी. यातही तथ्य आहे. 1908 च्या शरदात पंजाबात हिवतापाने सुमारे तीन लाख माणसं नेली. त्याचा अभ्यास करून क्रिस्टोफर्स या ब्रिटिश डॉक्टरने 1911 मध्ये दाखवलं की अशा संहारक साथी नुसत्या पावसामागे येत नाहीत. पाऊस आणि धान्याची महागाई एकत्र आली की येतात. पोट रिकामं असलं की तोच ताप जीव घेतो. पण याच पंजाबात, लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत, त्याआधी काही वर्षं डासांची डबकी हटवण्याचा प्रयोग झाला होता. तो फसला आणि डास मारून उपयोग नाही असा निष्कर्ष सरकारने सोयीने काढला. डासातला हिवतापाचा जंतू 1897 मध्ये सिकंदराबादला शोधणारा रोनाल्ड रॉस संतापून सांगत राहिला की पुरेसा पैसा आणि माणसं तिथे लावलीच नव्हती. गरिबी हटेपर्यंत थांबा, हा सल्ला देणाऱ्यांना शक्यतो ताप आलेला नसतो.

आता जनुकीय डासांकडे. बुर्किना फासोत जे घडलं त्याची आवृत्ती पन्नास वर्षांपूर्वी दिल्लीत होऊन गेली आहे, आणि आजच्या वादात तिचा उल्लेखही नाही याचं आश्चर्य वाटतं. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी अमेरिकी पैशावर दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं एक केंद्र चालवलं होतं. सोनीपतमध्ये एडिसचे नपुंसक नर सोडायची तयारी झाली होती. तेवढ्यात वृत्तपत्रांतून आरोप आले की हे जैविक युद्धाचं संशोधन आहे, भारतात पीतज्वर कसा पसरेल याची माहिती गोळा होते आहे. प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं, सोनीपतचा प्रयोग रद्द झाला आणि 1975 मध्ये केंद्र बंद पडलं. तो संशय वेडगळ होता का? शीतयुद्धाच्या दिवसांत परक्या सत्तेच्या पैशावर एडिसचा अभ्यास होत असेल तर विचारणं हा त्या देशाचा हक्क होता, आणि संशोधकांनी वेळेत, मोकळेपणाने उत्तरं दिली असती तर कदाचित वेगळं घडलं असतं. पण त्या सगळ्या गदारोळात कमी ऐकू आलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो: देशात हिवताप लाखांनी वाढत असताना केंद्राचं बरंचसं लक्ष हिवताप न पसरवणाऱ्या क्युलेक्स आणि एडिस डासांवर का होतं? हे ठरवलं कोणी? ना आरोप करणाऱ्यांनी तो धसास लावला, ना विज्ञानाची बाजू घेणाऱ्यांनी.

‘टार्गेट मलेरिया’ला शेवटी जे तंत्र वापरायचं आहे त्या जीन ड्राइव्हमागची कल्पना हुशार आहे. एरवी एखादं जनुक निम्म्या संततीत उतरतं. या तंत्राने ते जवळपास सगळ्यांत उतरवता येतं आणि माद्यांना वांझ करणारा बदल पिढ्यान्‌पिढ्या पसरवता येतो. 2018 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या प्रयोगशाळेत पिंजऱ्यातली गॅम्बिईची वसाहत अकरा पिढ्यांच्या आत संपली. बुर्किना फासोत असे डास सोडलेले नव्हते. तिथे 2019 मध्ये सोडले ते ड्राइव्ह नसलेले नपुंसक नर होते, हे विरोधकांनी लपवलं. समर्थक जे लपवतात ते वेगळं. आफ्रिकेत हिवताप एकट्या गॅम्बिईमुळे पसरत नाही. फ्युनेस्टस आहे, अरेबिएन्सिस आहे, आणि आता चौथा पाहुणा आला आहे.

हा चौथा, अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी, मुंबईला जुना माहितीचा. तिथे हिवताप कशाने वाढतो याचा शोध घेऊन चार्ल्स बेंटलीने 1911 मध्ये अहवाल दिला: हा डास दलदलीत नव्हे तर भर वस्तीतल्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढतो. विहिरी झाका वा बुजवा असे हुकूम निघाले. झाकलेल्या विहिरीचं पाणी धर्मकृत्याला चालणार नाही म्हणून पारशांपासून हिंदूंपर्यंत अनेकांनी विरोध केला. वाटाघाटी झाल्या, जाळीची झाकणं आली, टाक्यांचे नियम आले. शंभर वर्षांनी, 2012 मध्ये, हाच डास आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे 27 रुग्ण होते. 2020 मध्ये 73 हजारांच्या वर. 2016 मध्ये तो इथिओपियात मिळाला. गावाकडच्या डासासाठी बांधलेली आफ्रिकेची सगळी लढाई या शहरी डासापुढे तोकडी पडते आहे. त्याच्यावर जीन ड्राइव्ह लागू होणार? गॅम्बिईसाठी तयार केलेला नाही होणार. टाकीवर झाकण आहे का हे पाहायला कुणीतरी शिडी चढून जाणं मात्र लागू होतं, 1911 मध्येही आणि आजही.

म्हणून माझी मागणी दोन्ही तटांना न आवडणारी आहे. संशोधन चालू राहावं, बुर्किना फासोतही. पण जो कोणी असा डास सोडण्याची परवानगी मागेल त्याने आधी डास पकडणाऱ्या, ओळखणाऱ्या, रक्त तपासणाऱ्या स्थानिक पथकांच्या पुढच्या किमान वीस वर्षांच्या पगाराची तरतूद दाखवावी, आणि ती पथकं प्रकल्पाच्या नव्हे, त्या देशाच्या आरोग्यखात्याच्या हाताखाली असावीत. ड्राइव्हला दाद न देणारी जनुकं कधी उगवली, रिकाम्या जागेत दुसरी कुठली प्रजाती शिरली, सरहद्दीपलीकडे काय झालं, हे सांगणारं दुसरं कुणी असणार नाही. आणि प्रकल्पांना हाकलून देणाऱ्या सरकारनेही सांगावं की त्यांच्या जागी त्याने स्वतः किती माणसं नेमली. 2023 मध्ये हिवतापाने जगात सुमारे 5 लाख 97 हजार माणसं गेली, त्यांतली 95 टक्के आफ्रिकेत, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. सार्वभौमत्वाचं भाषण त्यांना पुरत नाही.

कायमचा पहारा गरीब देशांना परवडत नाही, हा शेवटचा आक्षेप, आणि एकदाच डास संपवून मोकळं होण्याची ओढ त्यातूनच येते. याला उत्तर श्रीलंकेनेच दिलं आहे. 1960 च्या दशकात पोळलेल्या या देशाने यादवीच्या काळातही, बंडखोरांच्या ताब्यातल्या भागांतसुद्धा, हिवतापाचं काम सुटू दिलं नाही. 2012 नंतर तिथे स्थानिक लागणीचा रुग्ण सापडेना. सप्टेंबर 2016 मध्ये हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. या वेळी पथकं घरी पाठवली नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कीटकशास्त्राच्या पथकाला मन्नारच्या विहिरींत स्टीफेन्सीच्या अळ्या सापडल्या, देशात प्रथमच. 2018 च्या अखेरीस परदेशातून आलेल्या एका मजुराकडून देशातल्या एका माणसाला लागण झाली. ती वेळेत ओळखली गेली आणि साखळी तिथेच तुटली. अमेरिका किंवा सिंगापूरसारखी श्रीमंती त्या देशाकडे तेव्हा नव्हती, आजही नाही. त्याने फक्त रिकाम्या काचपट्ट्यांवरचा खर्च चालू ठेवला.